थोरलीनं आणलेले दोन होकार

सोलर पॅनेलांचे स्टँड सकाळीच आले, आणि आले ते गुडघ्याएवढे.

थोरली जिन्याच्या खिडकीतून बघत होती. टेम्पोतून लोखंडी सांगाडे उतरत होते आणि भिंतीशी रचले जात होते. तिनं आधी मनाची समजूत घातली, की हे नुसते पाय असतील, वरचा भाग पुढच्या खेपेला येईल. मग वेल्डरनं एक सांगाडा उभा केला, त्याच्यावर कोपर टेकवायला गेला, कोपर काही पोचेना, तेव्हा तो सरळ त्याच्यावर बसला आणि मोबाइल बघायला लागला.  मागं गॅसवर दूध उतू गेलं ते तिला वासावरून कळलं.

या घरात एका माणसानं दुसऱ्या माणसाला एखादी गोष्ट सरळ तोंडानं सांगितली असती, तर ही वेळच आली नसती. पण धुराड्याच्या भांडणानंतर दोघा भावांनी बोलणं टाकलं ते टाकलंच. थोरल्याच्या सूत रंगवायच्या रंगखान्यातल्या भट्टीचा धूर धाकट्याच्या खिडकीत जायचा, धाकट्याची मुलगी खोकायची. धाकटा म्हणाला, धुराडं उंच कर. थोरला म्हणाला, खिडकी बंद कर. एवढ्यावरून. पुढं मुलगी मोठी होऊन परगावी नोकरीला लागली, तिचा खोकला गेला, धुराडंही शेवटी उंच झालं, अबोला मात्र होता तिथंच. आणि अबोला म्हणजे एकमेकांचं तोंड बघायचं नाही, असंही नाही. एकाच टेबलाशी बसायचे, एकमेकांचा शब्द न् शब्द ऐकायचे, आणि तरी धाकटा म्हणायचा, "वहिनी, दादाला सांगा, पंप बंद करायचा राहिलाय." थोरला भिंतीकडे बघत म्हणायचा, "त्याला म्हणावं, मला कान आहेत." मधे थोरली. गल्लीत तिच्या पाठीमागं तिला टपालखातं म्हणतात, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

समोरासमोर असले तर निदान तिला नुसतं बसून राहता यायचं. पण एक रंगखान्यात आणि दुसरा पुढच्या बाजूला त्याच्या विजेच्या मोटारी दुरुस्त करायच्या दुकानात असला, की खरोखरच निरोप न्यावे लागायचे. सुरुवातीला ती ते जसेच्या तसे पोचवायची. त्यात दोन कपबशा फुटल्या आणि एक दार बिजागरीतून निखळलं. मग ती निरोपातले खडे निवडायला शिकली. मग थोडी साखर घालायला लागली. आणि या खेपेला तर तिनं अख्खा निरोपच आपल्या हातानं रांधला होता.

तिनं तसं का केलं, हे घरात सगळ्यांना समजलं असतं, कुणी विचारलं असतं तर. गेल्या उन्हाळ्यात थोरला उकळत्या कढईशेजारी कोसळला. दुपारची वेळ, वीज गेलेली, पंखे बंद, आणि हा माणूस भट्टीपुढं उभा. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, या खेपेला वाचलात, पुन्हा असं झालं तर मी हमी देत नाही. उन्हाळ्याच्या दुपारी गारव्याला बसायचं, कामाला हात लावायचा नाही. थोरल्यानं ऐकून घेतलं, घरी आला, आणि दोन दिवसांनी पुन्हा कढईपाशी. घरात हा विषय काढायचा नाही, अशी सक्त ताकीद. थोरलीनं विषय काढला नाही. तिला फक्त रोज दुपारी रंगखान्यातून पळी वाजायची थांबली, की धाप लागायची.

म्हणून नणंदेनं ती खोलीची कल्पना काढली, तेव्हा तिनं ती दोन्ही हातांनी धरली. नणंद गल्लीच्या टोकाच्या दवाखान्यात नर्स. गेल्या उन्हाळ्यात तिच्या बाकांवर म्हातारी माणसं आणि तान्ही मुलं दाटीवाटीनं पडलेली असायची आणि डोक्यावर पंखा ढिम्म. उन्हाळा दर वर्षी वाढतोय, वीज दर वर्षी जास्त जातेय, आणि आपण दर वर्षी पुठ्ठ्यानं वारा घालत बसतोय, असं म्हणून तिनं आणि शिंप्यानं मिळून सारी गल्ली उठवली. सूर्यावर चालणारी एक गार खोली. पंखे, कूलर, औषधांचा फ्रिज, आणि ज्याला ऊन बाधेल त्याला तिथं येऊन बसायची मुभा. खोली म्हणून रंगखान्याशेजारचं सुताचं जुनं कोठार, जाड भिंतींचं. पॅनेलांसाठी याच घराची गच्ची, कारण गल्लीत एवढी मोठी आणि दिवसभर उन्हात असलेली गच्ची दुसरी नाही. गच्ची दोघा भावांच्या नावावर. दोघांचा होकार आणायचं काम कुणाकडे येणार, हे सांगायलाच नको.

थोरला म्हणाला होता, "पॅनेलं लावल्यावर मी सूत कुठं वाळवू? त्याच्या डोक्यावर? उंच लावत असतील, खालून माणूस लडी खांद्यावर घेऊन ताठ चालला पाहिजे, तर लावा. नाहीतर गच्चीवर पाय ठेवू नका म्हणावं."

धाकटा म्हणाला होता, "उंच लावून वादळात उडाली तर कुणाच्या टाळक्यात पडतील? बुटकीच लागतील. मला अक्कल शिकवायची असेल तर मी या भानगडीत नाही म्हणावं."

थोरलीनं वर येऊन थोरल्याला सांगितलं, "हो म्हणाले. दादा म्हणतो तसं करू म्हणाले." खाली जाऊन धाकट्याला सांगितलं, "हो म्हणाले. त्यातलं त्याला कळतं, त्याला योग्य वाटेल तसं करू दे म्हणाले."

दोघंही चाट पडले. थोरला तर रात्री जेवताना स्वतःशीच म्हणाला, "एवढा समजूतदार कधी झाला हा?" पुढचे काही दिवस घर इतकं हलकं होतं, की थोरलीला वाटलं, खरं सांगून काय मिळणार आहे? एकदा लोखंड गच्चीवर गेलं की पुरुष माणसं त्याच्याशी खुडबुड करत काहीतरी जमवून घेतील. एवढाच तिचा विचार. त्याच्या पुढचा तिनं केला नव्हता.

धाकटी जिना चढून वर आली. तिच्या हातात झाडू होता.

"जाऊबाई, आज दादा सूत वाळत घालणार आहेत का?"

"निळं काढलंय सकाळीच. घालतीलच."

"पण गच्चीवर तर स्टँड ठोकायला सुरुवात झालीये." धाकटी थांबली. "त्यांना माहीत आहे ना बुटके आहेत ते?"

थोरली ओट्यावरचं दूध पुसत राहिली.

"जाऊबाई, तुम्ही सांगितलंय ना त्यांना?"

"सांगितलंय."

"काय सांगितलंय?"

"थोडंसं सांगितलंय."

धाकटीनं झाडू भिंतीला टेकवला आणि खुर्ची ओढून बसली. "थोडंसं म्हणजे? स्टँड आहेत एवढंच?"

"अगं, उंच आहेत असं सांगितलंय."

"अगं बाई!" धाकटीनं कपाळाला हात लावला. "आणि आमच्या यांना?"

"त्यांना सांगितलं, दादांची बुटक्यांना हरकत नाही."

"तरीच! मी म्हटलं, दादांना एकाएकी झालं तरी काय!" धाकटीला हसूही येत होतं आणि घामही फुटत होता. "आता हो? मी जाऊन थांबवू का यांना?"

"काय सांगून थांबवशील?"

तेवढ्यात जिन्यात थोरल्याच्या चपला वाजल्या आणि त्यांच्या दारावरून वर गेल्या. पायऱ्यांवर निळे थेंब पडत गेले.

*

गच्चीवर धाकटा गुडघ्यांवर बसून पहिल्या स्टँडचे बोल्ट आवळत होता आणि मनातून खूश होता. दादानं त्याच्या मतावर काही सोपवलं, ही गोष्ट त्याच्या आठवणीत पहिलीच. त्यानं ते कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण वाऱ्याचा जोर, उताराचा कोन, तारा कुठून खाली न्यायच्या, सगळं त्यानं पुन्हा पुन्हा तपासलं होतं. यात चूक व्हायला नको होती. बाकी गल्लीसाठी चूक झाली असती तर दुरुस्त करता आली असती.

खरी गोष्ट अशी, की गेल्या उन्हाळ्यात थोरल्याला उचलणारा धाकटाच होता. रंगखान्यातून पळी पडल्याचा आवाज आला आणि मग काहीच आवाज आला नाही, तेव्हा हातातली मोटार टाकून तो धावला होता. गाडी मिळेना. त्यानं दादाला पाठीवर घेतलं आणि गल्लीच्या टोकापर्यंत तसाच नेला. दादाचे कोपरापर्यंत निळे हात त्याच्या छातीवर लोंबत होते, आणि वाटेत त्याला एकच वाटत होतं, की हे हात इतके जड कसे. दवाखान्याच्या दारात त्यानं वहिनीला बजावलं होतं, "मी आणलं म्हणून सांगू नका. कामगारांनी आणलं म्हणा. उपकार झाला म्हणून बोलायला लागला तर ते नकोय मला." वहिनीनं तेवढा एक निरोप न बदलता पाळला होता. थोरल्याला आजही वाटत होतं, की त्याला कामगारांनी उचललं.

दार ढकललं गेलं. थोरला गच्चीवर आला, दोन्ही खांद्यांवर ओल्या निळ्या लड्या. गच्चीच्या उत्तरेकडच्या त्याच्या दांड्यांवर लाल सूत होतंच; दक्षिणेकडच्या दांड्या रिकाम्या होत्या आणि त्यांच्या खाली, त्याच्या नेहमीच्या जायच्यायायच्या वाटेवर, बुटक्या स्टँडांची एक रांग ठोकून झाली होती. थोरला उभा राहिला. त्यानं रांग बघितली, मग उरलेले स्टँड बघितले, मग आपले पाय बघितले.

गच्चीवर तिघंच होते. तेव्हा थोरला वेल्डरला म्हणाला, "त्याला विचार, हे काय आहे?"

वेल्डरनं इकडंतिकडं बघितलं. "कुणाला?"

"त्याला."

"साहेब, ते इथंच आहेत की."

"त्याला सांग," धाकटा पान्याकडे बघत म्हणाला, "ठरलंय तसं चाललंय."

"ठरलंय तसं? त्याला म्हणावं, उंच लावायचं ठरलं होतं. माणूस ताठ चालला पाहिजे असं ठरलं होतं. यांच्याखालून काय मांजरानं सूत वाळवायचंय?"

वेल्डर धाकट्याकडे वळला, बिचाऱ्यानं खरंच तोंड उघडलं, "ते म्हणतायत, मांजर..."

"ऐकलं मी! त्याला म्हणावं, स्वतः हो म्हणून आता फिरायचं असेल तर फिर. नवल नाही. बाबांच्या वेळेपासून हेच चाललंय."

"बाबांना मधे आणू नको म्हणावं!"

"दोघांनाही सांगतो," वेल्डर हात वर करून म्हणाला, "आज संध्याकाळपर्यंतच माझी माणसं इथं आहेत. उद्या दुसरीकडचं काम आहे. मग उन्हाळा संपेपर्यंत मला वेळ नाही. काय ते ठरवा आणि सांगा."

थोरल्यानं रागाच्या भरात खांद्यावरच्या लड्या कठड्यावर टाकल्या. त्यातली एक पलीकडं घसरली.

*

खाली नर्स आणि शिंपी कोठाराच्या दारात उभे होते. शिंप्यानं गार खोलीसाठी जाड पांढरे पडदे शिवून आणले होते, आणि ते उन्हात धरून नर्सला दाखवत होता. अर्धी गल्ली आपापल्या दारात होती. चष्मेवाल्यानं भिंतींना चुना दिला होता, मास्तरांनी बाकं दिली होती, तिसऱ्या दारातल्या बाळंतिणीनं तर सकाळी येऊन विचारलंही होतं, की झोळी बांधायला कडी मिळेल का. आणि नर्सला कितीतरी दिवसांनी वाटत होतं, की या गल्लीत माणसं राहतात.

मग वरून निळी ओली लडी आली आणि पडद्यावर पडली.

 पांढऱ्यावर निळा पसरत गेला तसा शिंपी बघत राहिला. "हा तुमच्या घरचा आशीर्वाद का?" एवढंच त्यानं विचारलं.

नर्सनं वर बघितलं. कठड्यामागून तिला ओळखीचा आवाज येत होता. "त्याला म्हणावं! त्याला म्हणावं!" लहानपणापासून तिनं या दोघांची भांडणं सोडवली होती, नोकरी लागली तेव्हा पहिल्यांदा तिला वाटलं होतं की सुटले. तापानं फणफणलेली, रडणारी, ओकणारी माणसं तिला दिवसभर चालत. हे दोघं चालत नसत.

"आलेच मी," ती शिंप्याला म्हणाली, आणि दोन दोन पायऱ्या गाळत वर निघाली. वाटेत थोरली आणि धाकटी जिन्यातच उभ्या होत्या. "वहिनी, काय झालंय?"

"वन्सं, तुम्ही आधी जरा बसा."

"बसायला वेळ नाही. खाली सगळी गल्ली उभी आहे." आणि ती त्यांना ओलांडून वर गेली. मागोमाग दोघी जावा.

वर ती आधी थोरल्यावर घसरली. "दादा, लाज नाही वाटत? लोकांची म्हातारीकोतारी माणसं आशेला लागलीत, आणि तू चार लड्या सुतापायी अडून बसलास?"

"अडून बसलो? ताई, याला विचार, काय ठरलं होतं!" थोरल्यानं सुद्धा सवयीनं तिलाच मधे घेतलं. "उंच लावायचं ठरलं होतं. मी हो म्हटलं ते त्यावर."

ती धाकट्याकडे वळली. "धाकट्या? उंच ठरलं होतं?"

"छे! बुटकं ठरलं होतं. दादाचा निरोप होता, याला त्यातलं कळतं, याच्या मनासारखं करू दे."

"मी?" थोरला म्हणाला. "मी असं म्हणेन?"

हे मात्र सगळ्यांना पटलं. थोरला असं कधीच म्हणाला नसता. एकेक करून सगळे वळले आणि थोरलीकडे बघायला लागले. वेल्डरसुद्धा.

"वहिनी," नर्स हळू म्हणाली, "तू?"

थोरली दारात उभी होती. तिला वाटलं होतं, की ही वेळ आली तर आपण शरमेनं खाली बघू. तसं काही झालं नाही. तिला नुसता कंटाळा आला. "हो, मी," ती म्हणाली. "तुम्ही दोघंही नाही म्हणाला होतात. मी हो आणले."

"म्हणजे तू खोटं बोललीस?" नर्सचा आवाज चढला. "वहिनी, मी सगळ्या गल्लीला शब्द दिला! शिंप्यानं रात्री जागून पडदे शिवले! तू मला तरी सांगायचंस!"

"तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्ही काय केलं असतं? मलाच पाठवलं असतं पुन्हा विचारायला."

धाकटी पदर तोंडाशी धरून हसू दाबत होती, ते धाकट्यानं पाहिलं. "तुला माहीत होतं?"

"आत्ताच कळलं हो," धाकटी म्हणाली, आणि एक पाऊल जावेपासून लांब सरकली. तिला नवऱ्याबरोबर एकाच घरात राहायचं होतं.

आणि मग ते झालं. थोरला बायकोकडे बोट करून, पण बघत सरळ भावाकडे, म्हणाला, "बघितलंस? बघितलंस कशी आहे?"

"मी तर किती दिवस विचारात पडलो होतो," धाकटा तावातावानं म्हणाला, "की दादा असं बोलेल कसा!"

"आणि मी! मला वाटलं, याची तब्येत बरी नाही की काय!"

"आपल्याला दोघांनाही खेळवलं!"

"अगदी! वर एक सांगायचं, खाली एक सांगायचं!"

"आत्ताच नाही, हे कधीपासून चाललं असेल कुणास ठाऊक! मागं पाण्याच्या टाकीचं..."

"टाकीचं? त्याला तू काय म्हणाला होतास?"

"मी म्हटलं होतं, मेलो तरी टाकी हलवू देणार नाही."

"मला सांगितलं, जरा विचार करतो म्हणाले!"

दोघं एकमेकांच्या समोर उभे होते, हातभर अंतरावर, लाल होऊन, हात नाचवत.  धाकटीनं नर्सचा दंड धरला. आजवर कुणाला जमलं नव्हतं ते झालं होतं, आणि ते एका बाईला झोडपायला झालं होतं. थोरली त्यातल्याच एका बुटक्या स्टँडवर बसली. बसायला तरी तो बरा होता.

"बोला," ती म्हणाली. "आणखी बोला. माझ्याबद्दल संपलं की स्टँडबद्दल बोला. वेल्डर संध्याकाळी जाणार आहे."

"स्टँडबद्दल काय बोलायचंय?" थोरला भावाला म्हणाला. "उंच लाव."

"उडतील."

"कशी उडतील?"

"वारा खालून शिरतो. गच्चीत बोल्ट मारून उंच खांब टिकत नाहीत. वरच्या थरात जीवच नाही."

"मग माझ्या दांड्या कशा टिकल्यात?" थोरल्यानं सूत वाळवायच्या लोखंडी चौकटीवर थाप मारली. पुरुषभर उंच, गच्चीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. "वादळात पलीकडचे पत्रे उडाले. ही हलली का?"

धाकटा चौकटीजवळ गेला. इतकी वर्षं त्यानं तिच्याकडे बघितलंच नव्हतं. ती दादाची होती. त्यानं खांब हलवून बघितला, खाली बसून बुडाशी बघितलं. "हे किती खोल गेलेत?"

"खालच्या तुळईत. बाबांनी बसवले तेव्हा मी खांब धरून उभा होतो."

"तुळईत?" धाकटा ताडकन उठला. "अरे, मग हे बुटके स्टँड याच्याच डोक्यावर बसतील! हे मला कुणी सांगितलं नाही!"

"तू विचारलंस?"

"कुणाला विचारू?" एवढं बोलून तो घाईनं पुढं म्हणाला, "पण खाली सावली पडेल. सूत वाळेल का तुझं?"

"गडद रंग सावलीतच वाळवतो मी. उन्हात विटतात. फिके तेवढे उन्हाला लागतात, ते कडेला घालीन. रंगाऱ्याच्या घरात जन्मून एवढं माहीत नाही?"

"माहीत कसं असणार!"

वेल्डर मधे आला, त्यानं खांब ठोकून बघितले, मान हलवली, एक रांग कमी करावी लागेल म्हणाला, आडवे ताण द्यावे लागतील म्हणाला, आणि हे काल सांगितलं असतं तर दुपारपर्यंत मोकळा झालो असतो असंही म्हणाला. एक रांग कमी म्हणजे कूलर एकच चालेल, असं नर्स म्हणाली. त्यावर पुन्हा वाद झाला, पण तो दोघांनी थेट घातला. शेवटी ठोकलेली रांग काढायला माणसं वर आली.

"चला," नर्स कठड्यावरून वाकून ओरडली, "होतंय! पडदे धुवायला टाका!" मग ती थोरल्याकडे वळली. "आणि दादा, खोलीतली पहिली जागा तुझी. भिंतीकडची. दुपारी भट्टी बंद आणि तिथं बसायचं."

थोरल्याचा चेहरा तसाच दगडी झाला, जसा गेल्या उन्हाळ्यापासून या विषयावर होत होता. "गल्लीसाठी लावतोय. लावा. मी काही म्हाताऱ्यांत जाऊन बसणार नाही."

थोरलीनं डोळे मिटले. एवढं सगळं त्या एका जागेसाठी होतं. पॅनेलं लागली असती, गल्लीला गारवा मिळाला असता, आणि हा माणूस पलीकडच्या भिंतीआड कढईपाशी उभाच राहिला असता. तिच्याकडे आता पोचवायला एकही निरोप उरला नव्हता. कुणी विश्वास ठेवला नसता.

"बसायचं, दादा," धाकटा म्हणाला.

"तू गप रे. तुला काय माहीत!"

"मला तुझं वजन माहीत आहे." धाकट्यानं पाना खाली ठेवला. त्याला ते बोलायचं नव्हतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. "पाठीवर घेऊन गेलोय दवाखान्यापर्यंत. पुन्हा नाही जमणार मला. म्हणजे उचलायला जमेल. ते तसं... तुझे हात तसे लोंबताना बघायला नाही जमणार."

थोरला त्याच्याकडे बघत राहिला. "कामगारांनी नेलं मला."

"कामगार जेवायला गेले होते."

 थोरल्यानं बायकोकडे एकदा बघितलं, आणि तिनं होकारानं मान डोलावली. मग तो भावाला म्हणाला, "मग तेव्हाच का नाही बोललास?"

"तेव्हा तू शुद्धीवर नव्हतास."

"आणि शुद्धीवर आल्यावर?"

"शुद्धीवर आल्यावर तू बोलत नव्हतास."

थोरलीला रडू फुटलं. आनंदानं वगैरे मुळीच नाही. तिला भयंकर राग आला होता. एवढंच बोलायचं होतं. दोन वाक्यं. त्यासाठी तिनं जिना झिजवला, शब्द गोड केले, लबाडी केली, आणि आज सगळ्यांसमोर खोटारडी ठरली. ती स्टँडवर बसून हुंदके देत होती आणि पदरानं नाक पुसत होती, आणि जवळ जावं की न जावं ते धाकटीला कळत नव्हतं.

थोरला अस्वस्थ झाला. पण बायकोवरचा राग अजून उतरला नव्हता, आणि ताठा तर मुळीच नाही. तो धाकट्याला म्हणाला, "तिला विचार, रडायला काय झालं?"

धाकटा वहिनीजवळ येऊन उकिडवा बसला. "वहिनी, दादा विचारतोय..."

"भाऊजी, त्यांना म्हणावं," थोरली नाक ओढत म्हणाली, "उन्हाळाभर दुपारी त्या खोलीत बसणार असाल, तर बोलेन. नाहीतर यापुढं तुमचा आणि माझा संबंध नाही."

धाकटा उठला, भावापाशी गेला, आणि सांगितलं. संबंध नाही, हेसुद्धा सांगितलं.

थोरला गच्चीवरून पलीकडं बघत उभा राहिला. हात अजून निळे होते, ते त्यानं पँटला पुसले, उगाच, निघणार नव्हते ते. माणसांनी पहिला स्टँड उचलून चौकटीवर चढवला, आणि तो धरायला थोरला आपसूक पुढं झाला. दोन्ही हात वर, तोंड दुसरीकडं.

"बसेन म्हणावं," तो म्हणाला.